न दुखणारे दुखणे

मधुमेहावर लिहावे, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आली, तेव्हा स्वादुपिंड, इन्सुलिन, पथ्य, व्यायाम असे ठरावीक टप्पे घेत मी लेख लिहावयास बसलो. दोन परिच्छेद झाले आणि लेखणी थांबली. डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत होते ते माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे पाय. तो लेख बाजूला ठेवून त्या पायांपासूनच आरंभ करतो.

सर इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत राहत. १९९४ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. निदान मीच केले आणि पुढे नऊ वर्षे औषधोपचारही माझेच होते. दर तीन महिन्यांनी सर रक्ताचा अहवाल घेऊन येत. उपाशीपोटीची साखर बहुधा १३० ते १५० च्या दरम्यान असे. एका दोनशे पानी वहीत रकाने आखून ते सारे आकडे सुवाच्य अक्षरांत लिहीत. मी वही पाही, रक्तदाब घेई, छाती तपाशी, चिठ्ठी लिहून देई. "ठीक आहे ना रे?" सर विचारीत. "उत्तम आहे, सर," मी म्हणे. एवढ्यात भेट संपे. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांच्या घरी जाऊन पायांवर डोके ठेवीत असे. त्या पायांना मी नऊ वेळा हात लावला. वैद्याच्या दृष्टीने ते एकदाही पाहिले नाहीत. गुरूंना बूट-मोजे काढावयास सांगणे मला प्रशस्त वाटत नव्हते.

२००३ च्या मे महिन्यात सर सहकुटुंब ओंकारेश्वरच्या परिक्रमेस गेले. व्रत अनवाणी चालण्याचे होते. निघण्यास उशीर झाला, ऊन चढले आणि वाटेवरचे दगड तव्यासारखे तापले. मुलगा, सून, नातवंडे चटके सोसत एका सावलीकडून दुसऱ्या सावलीकडे धावत होती. सर मात्र नामस्मरण करीत शांतपणे चालत राहिले. त्यांच्या पायांस ऊन लागत नव्हते. घरी परतल्यावर ही नर्मदामैयाची कृपा, असेच सर्वांनी मानले.

चौथ्या दिवशी धुणे भिजवताना काकूंना सरांच्या मोज्यावर पिवळसर डाग दिसला आणि दुर्गंधी आली. दोन्ही तळव्यांवर मोठे फोड येऊन फुटले होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल जखम झाली होती. सरांना त्याची वार्ताही नव्हती. दुखतच नव्हते, तर कळणार कसे?

त्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या पायांची रीतसर तपासणी केली. या तपासणीसाठी नायलॉनचा एक तंतू असतो. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. त्याचा स्पर्श ज्याला कळत नाही, त्याच्या पायाचे संरक्षक संवेदन गेले असे समजावे. सरांना डोळे मिटावयास सांगून मी दोन्ही पावलांवर एकेक जागा तपासत गेलो. शेवटची जागा झाली आणि सरांनी विचारले, "अरे, सुरुवात केव्हा करणार?"

जखम हाडापर्यंत पोहोचली होती. आधी अंगठा काढावा लागला. जूनअखेर जंतुसंसर्ग वर चढला आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा सरांनी रुग्णालयात काढली. नमस्कारासाठी मी वाकलो, तेव्हा चादरीखाली एकच पाऊल होते.

वेदनेचे उपकार

वेदना हा आपण शत्रू समजतो. ती घालवण्यासाठीच रुग्ण आपल्याकडे येतो. परंतु वेदना नसणे किती घातक असते, हे ज्यांनी जगाला पटवून दिले, त्या डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य आपल्याच देशात घडले. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनी रुग्णांच्या दिनक्रमावर बारकाईने लक्ष ठेवले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. तापलेले भांडे हातात धरून ठेवल्यामुळे, खिळा रुतलेल्या पायाने चालल्यामुळे, एवढेच नव्हे तर रात्री झोपेत उंदरांनी कुरतडल्यामुळे बोटे नष्ट होत होती. रोगाने केवळ संवेदना हिरावली होती. उरलेला विध्वंस नकळत होणाऱ्या इजांचा होता.

पुढे १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग केंद्रात गेले. तेथे त्यांनी हेच ज्ञान मधुमेही रुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरले. जखमेवरचा भार काढून टाकला तर ती भरून येते, हे त्यांनी दाखवून दिले. दक्षिण भारतात कुष्ठरोग्यांसाठी तयार झालेली मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आज मधुमेह्यांच्या पायांत असते, ती याच परंपरेतून. वेदना ही कोणालाही नको असलेली देणगी आहे, असे ब्रँड म्हणत. सरांचा पाय गमावेपर्यंत मला हे विधान केवळ चमत्कृतिपूर्ण वाटत असे.

साखर मज्जातंतूंचे काय करते?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंच्या पेशींत ती सॉर्बिटॉलसारख्या पदार्थांत रूपांतरित होऊन साचते. मज्जातंतूंचे पोषण करणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्याही अरुंद होतात. एकीकडे विषार, दुसरीकडे उपासमार, अशा कोंडीत तंतू क्षीण होतात. जो तंतू सर्वांत लांब, तो आधी. कंबरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सुमारे एक मीटर लांबीचे असतात. म्हणून आरंभ बोटांच्या टोकांशी होतो आणि मोजा वर ओढत जावा तशी बधिरता वर सरकते.

प्रारंभी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री पांघरूणही सोसवत नाही. मग काही वर्षांनी हा त्रास थांबतो. "डॉक्टर, आग गेली, आता बरे वाटते," असे रुग्ण आनंदाने सांगतो. पुष्कळदा ही बरे झाल्याची खूण नसते; ओरडणारे तंतू कायमचे मुके झाल्याची असते. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि मागून कोणी हाक मारल्यावर ते ध्यानात आले, ही हकिकत रुग्ण विनोदाने सांगतात. वैद्याने ती हसण्यावारी नेऊ नये.

संवेदनेबरोबर आणखी दोन गोष्टी बिघडतात. पावलांतील लहान स्नायू दुर्बळ झाल्याने बोटे आकसून वाकतात आणि शरीराचा भार चवड्याच्या एखाद्याच जागी पडू लागतो. तेथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम तयार होते. घाम येणे थांबल्याने त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा जातात. त्या जंतूंना उघड्या वाटा होतात. त्यात पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर औषध आणि प्राणवायू जखमेपर्यंत पोहोचत नाहीत. मधुमेहात जे पाय काढावे लागतात, त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या जखमेपासून झालेली असते. ती वेळेवर दिसली असती, तर पाय वाचला असता.

मुके अवयव

पाय हे केवळ उदाहरण झाले. मधुमेहाचे सारे दुष्परिणाम याच मूकपणाने होतात.

डोळ्याच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, त्यांतून रक्तस्राव होतो. आणि तरीही रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. दृष्टी अंधुक होते तोवर हानी बरीच पुढे गेलेली असते. म्हणून मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणतः दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे.

मूत्रपिंडांची सहनशीलता तर याहून मोठी. त्यांचे निम्म्याहून अधिक कार्य नष्ट झाले तरी माणसाला चालता-बोलता काहीही जाणवत नाही. पहिली खूण असते ती लघवीतून किंचित अल्ब्युमिन जाण्याची. ही खूण साध्या तपासणीत पुष्कळदा सुटते, म्हणून अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर वर्षातून एकदा पाहावे लागते. या टप्प्यावर रक्तदाब आणि साखर आवरली, योग्य औषधे दिली, तर हानीचा वेग पुष्कळच मंदावता येतो. पावलांवर सूज येईपर्यंत थांबलेल्या रुग्णास हे सारे उशिरा मिळते.

आणि हृदय! हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीत असह्य कळ, हे आपण नाटक-सिनेमांत पाहत आलो. मधुमेह्याच्या बाबतीत ती कळ येईलच असे नाही. अकारण थकवा, घाम, दम लागणे, अपचनासारखी अस्वस्थता, एवढ्यावरच झटका येऊन जातो. "ॲसिडिटी झाली असेल," असे म्हणून सोडा पिऊन झोपलेल्या मधुमेह्याचा हृदयालेख दुसऱ्या दिवशी पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल.

आपल्या घरापर्यंत

हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकारचे रुग्ण सांगितले: जन्मतः प्रवृत्ती असलेला कृश आणि अपथ्याने रोग ओढवून घेतलेला स्थूल. नवे आहे ते त्याचे प्रमाण. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांतील मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

"पण मी कुठे लठ्ठ आहे?" हा प्रश्न मला नित्य ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिले आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही त्यांना हेच आढळले: आपली बालके वजनाने लहान, परंतु त्या मानाने चरबीने युक्त जन्माला येतात. दिसावयास बारीक आणि आतून मेदयुक्त, ही आपली प्रकृती आहे. म्हणून वजनकाट्याइतकेच लक्ष कमरेच्या घेरावर असावे. पुरुषांत नव्वद आणि स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटर, ही आपली मर्यादा मानली जाते.

त्यात आपण पडलो माळव्याचे रहिवासी. सकाळी शेव भुरभुरलेले पोहे आणि जोडीला जिलबी, दुपारी बाफले, रात्री सराफ्यात गराडू आणि रबडी! इंदूरकरांस पोहे सोडा म्हणून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पोहे निम्मे घ्यावेत, त्यांत मोड आलेली मटकी, वाटाणे आणि शेंगदाणे घालावेत, जिलबी सणासाठी राखून ठेवावी आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे तरी चालावे, एवढेच सुचवतो. अर्थात पाय बधिर असतील तर योग्य पादत्राणे घालूनच.

वेदनेच्या जागी आकडा

जे दुखत नाही, ते कळावे कसे? याचे उत्तर एकच: वेदनेचे काम तपासणीकडे सोपवावे. मधुमेह्याच्या बाबतीत रक्तातला, लघवीतला, रक्तदाबाचा प्रत्येक आकडा म्हणजे शरीराने न मारलेली हाक होय.

उपाशीपोटी साखर १२६ वा अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करावी. एचबीए१सी ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीपूर्वी दोन दिवस गोड वर्ज्य करून डॉक्टरांस प्रसन्न करण्याची युक्ती येथे चालत नाही. बहुतेक प्रौढ रुग्णांत हा आकडा सातच्या आसपास ठेवणे इष्ट. वयोवृद्ध व्यक्तींत थोडी सवलत द्यावी, कारण साखर अतिशय उतरणे त्यांना अधिक धोक्याचे असते.

या नियंत्रणाचे फळ मिळते काय? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांपैकी ज्यांची साखर काटेकोर राखली, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ब्रिटनमधील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, प्रौढवयात होणाऱ्या मधुमेहातही सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दुष्परिणाम २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९८ साली दिसले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी आरंभी काळजी घेतलेल्यांना पुढील दहा वर्षे त्याचा लाभ मिळत राहिला, हे २००८ साली सिद्ध झाले. आपल्या भाषेत यालाच पूर्वसंचित म्हणतात. २०१५ नंतर तर हृदय आणि मूत्रपिंड यांचे रक्षण करणारी नवी औषधेही हाती आली आहेत. परंतु पाऊल पाहण्याचे काम कोणतीही गोळी करीत नाही.

पावलांची दिनचर्या

मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात पुढील गोष्टी पाळल्या जाव्यात, ही विनंती.

रोज रात्री उजेडात दोन्ही पावले, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा, अथवा घरातील कोणी पाहावे. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती गरम आहे हे पायाने ठरवू नये, कोपराने वा घरातील दुसऱ्याच्या हाताने पाहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत. कुरूप व घट्टे ब्लेडने तासू नयेत, त्यांवर बाजारातल्या पट्ट्या चिकटवू नयेत. शेकाची पिशवी, शेकोटी, हीटर यांपासून बधिर पाय दूर ठेवावेत. घरातही अनवाणी फिरू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. खडा, खिळा, नातवाची गोटी, काहीही असू शकते. देवळात अनवाणी जावयाचे तर पहाटे जावे, मोजे घालावेत. परमेश्वर त्याने रुष्ट होत नाही. जखम लहान असो, दुखत नसो, त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावी. तंबाखू आणि विडी-सिगारेट यांना पूर्ण रजा द्यावी.

आणि आपणा वैद्यबंधू-भगिनींस एकच सांगणे. रुग्णास बूट-मोजे काढावयास सांगा. नायलॉनचा तंतू, नादकाटा आणि पावलावरची नाडी पाहणारी आपली बोटे, एवढ्यात काम होते. दोन-तीन मिनिटे पुरतात. समोर आपले वडील असोत, सासरे असोत की गुरू असोत, संकोच करू नका. माझ्या संकोचाची किंमत दुसऱ्याने दिली.

सरांनी मला कधी दोष दिला नाही. जयपूर फूट बसवून ते पुन्हा चालू लागले. एकदा वही माझ्यापुढे ठेवून एवढेच म्हणाले, "तू वहीवर सही करीत होतास रे, गणित तपासत नव्हतास." शिक्षकाने विद्यार्थ्याची चूक दाखवावी, तितक्याच सौम्यपणे.

त्या वहीत सरांनी एक नवा रकाना आखला होता. त्याचे शीर्षक होते 'डावे पाऊल'. रोज रात्री काकू ते पाऊल कंदिलाची वात पाहावी तशा निरखून पाहत आणि रकान्यात एक बारीक खूण करीत. दोनदा त्या खुणेच्या जागी 'लाली' आणि 'भेग' असे शब्द आहेत. दोन्ही वेळा त्या दुसऱ्याच दिवशी सरांना माझ्याकडे घेऊन आल्या. एक पाय गमावलेल्या मधुमेह्याचा दुसराही पाय जाण्याचा धोका मोठा असतो. सर २००९ साली गेले, ते डावे पाऊल शाबूत ठेवून.

ती वही काकूंनी मला दिली. माझ्या दवाखान्यात टेबलाच्या खणात ती असते आणि टेबलासमोर एक बुटके स्टूल असते. मधुमेहाचा रुग्ण आला की मी प्रथम त्या स्टुलावर बसतो आणि त्याचे पाऊल हातात घेतो.